उठले का, ते पहिलं सांगा

आमच्या रेडिओच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. बाजारात सापडलेल्या वस्तू त्यात ठेवायच्या आणि माइकवरून पुकारा करायचा. छत्र्या, एकेकटी चप्पल, जेवणाचे डबे, एकदा तर चक्क कवळी! न्यायला फारसं कोणी यायचं नाही आणि शेवटी कपाटाचं दार लागेनासं झालं. किस्स्यांचंही तसंच असतं बघा. मुद्दाम कोणी जमवत नाही, न्यायला कोणी येत नाही म्हणून साठत जातात. आज मंडळी निवांत बसलीच आहेत, तर चार-दोन बाहेर काढतो. कवळीचा मात्र सांगणार नाही. कवळीवाले अजून हयात आहेत.

रेडिओ म्हणजे खरा रेडिओ नव्हे हं! सत्तरच्या दशकात नाशकात आपलं स्वतःचं केंद्र कुठलं? पुणे-मुंबई खरखरत लागायचं. म्हणून फुलबाजारातल्या आणि भाजीबाजारातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून एका माडीवर ॲम्प्लिफायर बसवला, खांबाखांबावरून तारा ओढल्या आणि ठिकठिकाणी कर्णे टांगले. फुलबाजारात, बसस्टँडवर, नदीकाठी, अगदी गंगापूर रोडच्या कोपऱ्यावरसुद्धा. सकाळी बातम्या, मग मालाचे भाव, नळाच्या पाण्याची वेळ, हरवलं-सापडलं आणि उरलेल्या वेळात गाणी. पाटीवरचं नाव लांबलचक होतं. लोक म्हणायचे, ‘आपला रेडिओ’.

बोलायला मी आणि यंत्राला दळवी. दोघंही जन्माचे घाबरट! मी काहीतरी चुकीचं बोलेन म्हणून घाबरायचो आणि दळवी काहीतरी जळेल म्हणून. रोज सकाळी मेन स्विच दाबताना तो डोळे घट्ट मिटायचा.

एकदा मी विचारलं, “देवाचं नाव घेतोस का रे?”

“नाही रे. ठिणगी डोळ्यात जाते.”

*

अशा या खोलीत एक दिवस खंडू पैलवान शिपाई म्हणून दाखल झाला. संस्थेचे अध्यक्ष शेटजी कुस्तीचे भारी शौकीन. खंडू तेव्हा नाशिक, सिन्नर, निफाडकडच्या जत्रा गाजवत होता. शेटजींनी त्याला कौतुकानं पगारावर ठेवलं, आणि बसवायचा कुठं म्हणून आमच्याकडे पाठवलं. दारातून तो आडवा होऊन आत आला.

पहिल्याच दिवशी दळवी त्याला म्हणाला, “पैलवान, तेवढा आवाज वाढवा.” खंडूनं बटण फिरवलं आणि बटण हातात घेऊन उभा राहिला.

“साहेब, हे निघालं.”

दळवीनं कपाळावरचा घाम पुसला. “यापुढं या खोलीत दोन्ही हात पाठीमागं!” तेव्हापासून खंडू आमच्याकडे कायम पाठीमागं हात बांधून वावरायचा. पाहुण्यांना वाटायचं, काय हा विनय!

दुसरा नियम लाल दिव्याचा. दिवा लागला की माइक चालू, खोलीत कसलाही आवाज नको. खंडूनं हा नियम मनावर घेतला. दिवा लागला की श्वासच बंद! मी आपला भाव वाचतोय, शेवंती, निशिगंध, झेंडू, आणि शेजारी हा माणूस आधी लाल झाला, मग जांभळा. मला वाटलं, चालू कार्यक्रमात पैलवान जातोय! भाव संपायला आणि त्याचा श्वास सुटायला एकच गाठ पडली. माइकमधून जो काय फुस्स आवाज गेला!

दुपारी बसस्टँडवरून निरोप आला, सकाळी तीन ड्रायव्हर खाली उतरून टायर तपासत होते.

*

आता यंत्रातली एक गंमत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कर्ण्यातून आवाज जसा बाहेर जातो, तसा थोडा आतही येतो. दळवीकडे प्रत्येक खांबासाठी एक खटका होता. तो वर केला की आपण बोललेलं तिथल्या लोकांना ऐकू जायचं. खाली केला की तिथले लोक बोललेले दळवीला हेडफोनवर ऐकू यायचे. तारा तुटल्यात का, हे तो रोज सकाळी असा कान लावून तपासायचा. एकतर बोलता यायचं नाहीतर ऐकता यायचं, दोन्ही एकदम नाही.

दळवी म्हणायचा, “हे खरं घराघरात बसवायला पाहिजे, नवरा-बायकोसाठी!”

ही गोष्ट आम्ही कोणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर लोकांनी खांब उपटून आमच्या माडीवर आणून टाकले असते. पण त्या हेडफोनमुळे आपली लायकी काय, ते रोज कळायचं. बसस्टँडवर लोक मला ‘तो सर्दीवाला’ म्हणतात, हे मला दळवीनंच सांगितलं. हसून सांगितलं, तेही लक्षात आहे माझ्या.

फुलबाजारातल्या खांबाखाली सुंदराबाईचा गाळा होता. ही खंडूची बायको. मखमलाबादकडे त्यांचा छोटासा मळा होता. पहाटे झेंडू तोडायचा, पाट्या भरायच्या आणि बाजार उघडायच्या आत गाळ्यावर हजर. तिला एक सवय होती. कर्णा बोलला की ती कर्ण्याला उत्तर द्यायची. मी “नमस्कार मंडळी” म्हटलं की ती वर बघून म्हणणार, “नमस्कार रेडिओभाऊ.” मी “आज शेवंतीचा भाव उतरला आहे” म्हटलं की, “तुमच्या घरचं काय जातंय सांगायला?”

एकदा मी सांगितलं की नळाला पाणी संध्याकाळी येणार आहे. दळवीनं लगेच खटका खाली केला. सुंदराबाई म्हणत होती, “येऊ द्या. मग बोलू.”

*

मग शेटजींच्या डोक्यात आलं की कुस्त्यांचं वर्णन थेट ऐकवायचं. नदीकाठच्या मैदानात जत्रेचा आखाडा होता. तिथपासून आमच्या माडीपर्यंत तार ओढली. आखाड्याच्या कडेला टेबल, त्यावर माइक आणि माझ्या एका कानात इअरफोन. त्यातून दळवी मला खोलीतून सूचना द्यायचा. सूचना म्हणजे काय, “ओरडू नकोस, फ्यूज जाईल,” एवढी एकच.

आखाड्यात तेव्हा बायका येत नसत. सुंदराबाई खांबाखाली बसून ऐकत होती. खंडूची कुस्ती लागली, हलगी कडाडली आणि मला जो चेव आला! समोरच्या गड्यानं खंडूला उचलला आणि मी किंचाळलो, “उचलला! पैलवान हवेत! आणि मानेवर आपटले! अरेरे, हालचाल नाही! खंडू पैलवान...”

आणि फ्यूज गेला.

दळवीनं तो बदलेपर्यंत सगळं शहर त्या ‘खंडू पैलवान’वर लटकत राहिलं. इकडे खंडू उठला, हरला म्हणून वस्तादांच्या शिव्या खाल्ल्या आणि लिंबूपाणी घेऊन बाकावर बसला. तेवढ्यात गर्दी दुभंगली. सुंदराबाई आली होती. पायात चप्पल नव्हती, हातात झेंडूची अर्धी ओवलेली माळ तशीच. बाजारापासून पळत आली होती बाई! तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. सरळ माझ्या टेबलाशी आली.

“रेडिओभाऊ, हरले का जिंकले ते मागून सांगा. उठले का, ते पहिलं सांगा.”

तेव्हापासून आपल्या रेडिओवर तो नियमच झाला. कुस्ती निकाली झाली की आधी मी म्हणायचो, “दोन्ही पैलवान उठून उभे आहेत!” मग श्वास घ्यायचा आणि मग निकाल. बाहेरगावच्या लोकांना कळायचंच नाही, हा माणूस वेडा आहे की काय! पण फुलबाजारात ती म्हण होऊन गेली. कोणाच्या पोराचा परीक्षेचा निकाल लागला की लोक आधी विचारायचे, “उठलं का पोरगं?”

*

एका वर्षी शेटजी म्हणाले, जाणकार माणूस शेजारी बसवा. म्हणून खंडूचे वस्ताद, त्याला लहानपणापासून तालमीत घडवणारे गुरू, माझ्या बाजूला आणून बसवले. वस्ताद फार कमी बोलायचे. मी विचारलं, “वस्ताद, आजच्या जोडीबद्दल काय सांगाल?” वस्ताद गप्प. कुस्ती सुरू झाली. मी जीव तोडून बोलतोय, वस्ताद गप्प. आणि अचानक त्यांना माइकचा विसर पडला!

“घे... घे... आत शिर... अरे पाय! पाय घे की गाढवा!”

कर्णा आखाड्यातही टांगलेला होता. खंडूनं पाय घेतला! समोरच्या गड्याचे वस्ताद थेट टेबलावर चढले. “कुस्ती बंद करा! हे रेडिओवरून डाव सांगून राहिले!” एकच गोंधळ. पंच आले, शेटजी आले.

वस्ताद शांतपणे म्हणाले, “मी डाव कुठं सांगितला? मी तर त्याला शिवी दिली.”

शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. दोन्ही पैलवान उठून उभे आहेत, हे मी रीतसर सांगितलं. लोक पांगले. वस्ताद मात्र उठेनात. माइक बंद आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

“मान बघितली का त्याची?” ते हळूच म्हणाले. “डावीकडं वळंना. मागं आपटला व्हता ना, तवापासून. आता पुन्यांदा तसाच पडला तर मला नाय वाटत त्यो उठंल.”

*

त्यानंतर आमच्या खोलीत माझी आणि दळवीची ती एकच काळजी. फ्यूजची भीतीसुद्धा मागे पडली. खंडूला हाक मारली की तो मान वळवायचा नाही, सगळा देह वळवायचा. त्यात रेकॉर्डची मांडणी दोनदा आडवी झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कुस्ती बंद. खंडू म्हणायचा, “बंदच हाय. फक्त ह्या जत्रंपुरती.” अशा किती जत्रा गेल्या! आणि घरी काही सांगायचं नाही, अशी आम्हा दोघांना शपथ घातलेली.

आम्ही त्याला माइकची गोडी लावून पाहिली. म्हटलं, एखादं काम अंगवळणी पडलं तर आखाडा आपोआप सुटेल. आणि काय सांगू, त्या अवाढव्य देहातून आवाज निघाला तो बारीक, गोड, थेट एखाद्या तरुण बाईचा! हरवलेली पोरं कर्ण्यातून तो आवाज ऐकून रडायची थांबत. बाजारात बातमी पसरली की रेडिओवर नवीन बाई आल्यात. एक द्राक्षवाले तर अंगाला अत्तर लावून, द्राक्षांची पेटी घेऊन माडी चढून आले.

“बाई आहेत का?”

खंडू सगळा देह वळवून त्यांच्याकडे वळला आणि त्याच आवाजात म्हणाला, “या ना, बसा!”

पेटी तिथंच राहिली. द्राक्षवाले पुन्हा माडी चढले नाहीत.

आम्ही पोट धरून हसलो, मग मी म्हटलं, “पैलवान, आता हेच करा. शेटजींना मी सांगतो.”

तो हसला. “बोलून पोट भरतं का, भाऊ?”

“माझं भरतं की!”

“म्हनून तं एवढंसं हाय!” मग द्राक्षाचा एक घड त्यानं उचलला आणि पुन्हा पेटीत ठेवला. “शेटजींनी पैलवान ठेवलाय, भाऊ. माती सोडली तं मी कोन? हात मागं बांधून हुबा ऱ्हानारा मानूस.”

*

एका सकाळी दळवी नेहमीप्रमाणे हेडफोन लावून तारा तपासत होता. फुलबाजाराचा खटका खाली केला आणि त्याचा चेहरा पडला. हेडफोन काढून त्यानं टेबलावर ठेवला.

“सुंदराबाई तुला विचारतेय.”

“मला?”

“म्हणजे कर्ण्याला. बाजार अजून भरला नाही, एकटीच आहे. म्हणतेय, रेडिओभाऊ, त्यांची मान लय दुखती का हो? मला सांगत नाय ते.”

ती आपली सवयीनं बोलली होती, कोणी ऐकेल म्हणून नाही. उत्तर द्यावं तर कर्ण्याला कान आहेत हे कळणार, आणि खंडूची शपथ मोडणार. न द्यावं तर ती तिकडे वर बघत बसलेली! दळवीनं खटका वर केला आणि लाल दिवा लागला. समोर पाण्याच्या वेळा होत्या. मी वाचायला लागलो, पण डोळ्यांपुढे अक्षरं ठरेनात.

त्या दिवशी मी अख्ख्या नाशकाला दिवसभर पाणी जाहीर करून टाकलं.

*

आता हा शेवटचा. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. त्या जत्रेत खंडूची जोड लागली बागलाणकडच्या एका तरण्याबांड गड्याशी. आदल्या दिवशी मी, दळवी आणि वस्ताद, तिघंही त्याच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, “एवढीच. खरंच एवढीच.” सकाळी गाळ्यावर जाऊन त्यानं बायकोच्या हातचा झेंडूचा हार घातला आणि तसाच मैदानात आला.

मी टेबलाशी बसलो. हलगी सुरू झाली. माझा आवाज इतका हलत होता की दळवी इअरफोनमध्ये म्हणाला, “तार हलतेय की तू?”

कुस्ती चांगली झाली. खरंच चांगली झाली. खंडूनं त्या पोराला दमवला, वाट पाहिली आणि घिस्सा मारला. खाली बसून गड्याला उलटा फिरवायचा, त्याचा जुना हुकमी डाव. पोरगं हवेत फिरलं आणि पाठीवर गेलं, स्वच्छ चीतपट! मैदान उसळलं, फेटे उडाले. पण त्या झटक्यात खंडूही कलंडला होता, मानेवर. पोरगं उठलं. खंडू उठला नाही.

हलगी थांबली. पोरगं खाली वाकून म्हणालं, “दादा, काय व्हयनं? उठ ना.” वस्ताद धावत गेले आणि ओरडले, “हात लावू नका कोनी! डॉक्टर बोलवा!”

मी उभाच राहिलो. माइक चालू होता. खंडू जिंकला होता, पण ते मला सांगता येत नव्हतं, कारण त्याआधीचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. मग मी बोलत सुटलो. आज भाजीबाजारात गर्दी बरी आहे. नदीकाठी एक काळी छत्री सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून न्यावी. काळी छत्री, मंडळी, लाकडी मुठीची.

इअरफोनमध्ये दळवी म्हणाला, “थांब. क्षणभर खटका खाली करून ऐकलं मी. बाजाराला कळलंय.”

मी थांबलो. खंडू उताणा पडून माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. मी माइक उचलला आणि तार ओढत मातीत उतरलो. गुडघे टेकून माइक त्याच्या तोंडाशी धरला.

त्या बारीक, गोड आवाजात तो म्हणाला, “सुंदरा... मी अजून उठलो नाय. पन हाय मी.”

सगळ्या शहरात ते ऐकू गेलं. माझ्या कानात खट् असा आवाज आला. दळवीनं कोणालाही न विचारता फुलबाजाराचा खटका खाली केला होता आणि ती तार माझ्या इअरफोनला जोडली होती. आधी नुसती खरखर. मग खूप माणसं एका जागी गप्प उभी असली की येतो तसा आवाज.

मी इअरफोन काढून खंडूच्या कानाला लावायला गेलो. पैलवानाचा मोडलेला, सुजून गोळा झालेला कान तो. त्यात काही तो बसेना. मग मी तसाच हातानं धरून ठेवला आणि माझाही कान जवळ नेला.

सुंदराबाई वर कर्ण्याकडे बघून बोलत असणार, नेहमीसारखी.

“ऐकलं,” ती म्हणाली. “आता उठू नका.”